अन्ननलिका एक, कॅन्सर दोन

छातीत जळजळलं की आपल्याकडे निदान ठरलेलं: पित्त. भरीत झणझणीत झालं, शेवभाजीवर तर्री जास्त पडली. बहुतेकदा ते खरंही असतं. घोळ होतो तो अन्ननलिकेच्या कॅन्सरची भीतीही पित्तालाच जोडल्यामुळे.

पित्ताशी जोडलेला कॅन्सर आहेच, ॲडिनोकार्सिनोमा. तो नळीच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की काहींचं तिथलं अस्तर बदलतं. त्याला बॅरेट म्हणतात. त्यातल्याही थोड्यांनाच पुढे कॅन्सर होतो. सुटलेलं पोट, पन्नाशी उलटलेला गोरा पुरुष, हा त्याचा नेहमीचा रुग्ण. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून गोऱ्या पुरुषांत तो झपाट्याने वाढला.

तिथल्याच कृष्णवर्णीयांत मात्र दुसरा जास्त: स्क्वॅमस. जगातले बहुसंख्य रुग्ण याचेच, भारतातलेही. तो सहसा नळीच्या वरच्या-मधल्या भागात होतो. कारणं म्हणजे तंबाखू, दारू, सुपारी, ताटात फळं-भाज्या कमी. तंबाखू आणि दारू जोडीने असली की धोका कैक पटींनी वाढतो. उकळत्या चहावरही संशय आहे. ६५ अंशांहून गरम पेयं २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. आपण मात्र नंदुरबारच्या मिरचीवर खापर फोडतो आणि बिडी नामानिराळी राहते.

दोन्हींत पुरुष जास्त, पण ॲडिनोकार्सिनोमात ही दरी फारच मोठी. त्याच्या नेहमीच्या रुग्णाच्या चित्रात बाई बसत नाही, पण स्क्वॅमस तिलाही होतो. सकाळी मिसरी लावणारी मावशी तर ठामपणे सांगते, मी कुठे तंबाखू खाते? मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की!

स्क्वॅमसमध्ये आधी जळजळ झालेलीच असते असं नाही. कळण्याची भाकरी अडते, ‘घास अटकस’ म्हणत पाण्याच्या घोटाने ढकलावी लागते. मग माणूस गुपचूप खिचडीवर येतो, पुढे पेजेवर. वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात वयामुळे जेवण कमी झालं. अशा वेळी पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत, दुर्बिणीने तपासून घ्यावं.

दुर्बिणीतही दोघांचे रंग वेगळे. बॅरेटचा लालसर गुलाबी पट्टा फिकट अस्तरावर उठून दिसतो. सुरुवातीचा स्क्वॅमस नुसत्या नजरेला सहज चुकवतो, म्हणून संशय असल्यास डॉक्टर आयोडीन फवारतात: निरोगी अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला भाग फिकटच राहतो आणि तपासणीसाठी तुकडा तिथूनच काढतात.