एक पाय, एक पिको

मागच्या उन्हाळ्यात लातुरात आमच्या घरी व्हिडिओ गेमचं कपाट, म्हणजे पार्लरमध्ये असायचं तसं पडदा-बटणांचं मशीन, बनत होतं, तेव्हा सगळा घोळ दोन शब्दांनी घातला. मी फोनवर "पाय मागवलाय" म्हणालो की प्लाय कापणारे मिस्त्री मान वर करून विचारायचे, "किती इंची ठेवायचे?" आणि भाचा "पिको आला, पिको आला" म्हणून ओरडला की आतून आई, "कुणाची साडी टाकली होती रे पिकोला?"

हे हसण्यावारी गेलं. भाच्याचा स्वतःचा गोंधळ मात्र पैशाला पडला. त्यानं साठवलेल्या पैशातून 'रास्पबेरी पाय', म्हणजे कपाटात गेम चालवणारा छोटा संगणक, मागवला होता, तोही चार-पाचशे रुपयांत, आणि मामाला जे जमलं नाही ते आपण केलं म्हणून स्वारी खूश होती. पुडकं फोडलं तर आत काडेपेटीएवढी लांब, पण तिच्याहून अरुंद अशी हिरवी पट्टी. त्यानं ती उलटसुलट केली, चारी कडा पाहिल्या आणि विचारलं, "मामा, टीव्हीची पिन कुठं लावायची ह्याला?"

कुठंच नाही. तो रास्पबेरी पाय नव्हता, रास्पबेरी पाय पिको होता.

दोष त्याचा एकट्याचा नाही. कंपनी एक, नावाचा पहिला भाग एक, पाटीचा रंग तोच हिरवा, आणि दोन्हींवर पिनाही मोजून ४०. पहिला पाय २०१२ च्या फेब्रुवारीत आला, पिको २०२१ च्या जानेवारीत. मधल्या नऊ वर्षांत लोकांच्या डोक्यात 'रास्पबेरी म्हणजे छोटा संगणक' इतकं पक्कं बसलं होतं, की त्याच नावाची चार डॉलरची वस्तू आली तेव्हा ती 'आणखी छोटा, आणखी स्वस्त संगणक' वाटणारच. पण पिको हा त्या अर्थानं संगणकच नाही.

पाय म्हणजे अख्खा संगणक. पाय ४ घ्या: चार गाभ्यांचा प्रोसेसर, मॉडेलप्रमाणे १ ते ८ जीबी रॅम, टीव्हीला जोडायला दोन छोट्या एचडीएमआय खाचा, माऊस-कीबोर्डला यूएसबी, आणि पोटाखाली मेमरी कार्डची फट. त्या कार्डावर लिनक्स बसतं, लिनक्सवर बॅटोसेरा किंवा रिकलबॉक्ससारखी गेमची व्यवस्था, आणि तिच्या आत एम्युलेटर. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्यातला सगळ्यात नावाजलेला मेम, १९९७ पासूनचा. (गेमच्या फाइली हे वेगळं प्रकरण. एम्युलेटर चालवण्यात गैर काही नाही, पण प्रत्येक गेम कुणाच्या तरी मालकीचा असतो. हक्कदारांनीच मोफत वापरायला दिलेले थोडे गेम मेमच्या संकेतस्थळावर आहेत, सुरुवात तिथून करावी.)

पिकोत यातलं काही नाही. आत आरपी२०४० नावाची चिप, रॅम २६४ केबी, साठवण २ एमबी. लिनक्स नाही, कार्ड नाही, पडदा नाही. वीज मिळाली की दिलेला एकच प्रोग्रॅम सुरू करायचा आणि वीज जाईपर्यंत तोच चालवत राहायचं. याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. वॉशिंग मशीनच्या बटणांमागं असतो, त्याच जातीचा.

भाच्याला हे पटेना. "पण मामा, जुने गेम तर किती बारके असतात!" मग वही काढली. आमच्या पिढीनं बस स्टँडजवळच्या पार्लरमध्ये ज्याच्यावर नाणी उधळली तो 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. आपल्याकडं गेमचं नाव कुणी वाचलंच नाही, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावानंच तो ओळखला गेला. त्याचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं. एका ठिपक्याच्या रंगाला दोन बाइट धरले तर एका चित्राला १६८ केबी लागतात. चित्र लुकलुकू नये म्हणून एक दाखवत असताना दुसरं तयार करावं लागतं, म्हणजे ३३६ केबी. पिकोजवळ आहेत २६४. गेम, आवाज, शत्रूंच्या हालचाली या सगळ्याच्या आधी नुसती पाटी मांडण्यातच जागा संपली. हुशार लोकांनी पिकोवर जुने निन्टेन्डो गेम पळवून दाखवलेत, ते खरं आहे, पण ती कसरत झाली. घरच्या कपाटासाठी तो रस्ता नव्हे.

एवढं झाल्यावर भाच्याचं तोंड उतरलं. पुडकं परत करायला निघाला. मी म्हटलं, ठेव, हा लागणारच आहे.

कारण कपाटात बटणं असतात. एका खेळाडूची दांडी आत चार मायक्रोस्विचांवर चालते: वर, खाली, डावं, उजवं. सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन. झाले बारा स्विच. हे बारा स्विच पायला 'गेमपॅड' म्हणून कळले पाहिजेत, आणि त्यासाठी मधे कुणीतरी लागतो. तो मधला माणूस म्हणजे पिको. साडीचा पिको काठाला असतो, हाही काठावरच बसतो, बोटं आणि संगणक यांच्या मधल्या काठावर.

काम साधं आहे. पिकोची प्रत्येक पिन आतून हलक्या विजेनं वर उचलून धरलेली असते. बटण दाबलं की ती पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या वायरीला, टेकते आणि खाली येते. पिको हे सतत पाहत असतो आणि सेकंदाला हजार वेळा यूएसबीवरून पायला कळवतो: अमुक दाबलंय, अमुक सोडलंय. यासाठी जीपी२०४०-सीई नावाचा तयार मोफत प्रोग्रॅम मिळतो. पिकोवरचं पांढरं बूटसेल बटण दाबून धरायचं, यूएसबी केबल संगणकाला लावायची, पेन ड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह उघडतो, त्यात फाइल टाकायची, संपलं. केबल मात्र डेटावाली हवी. आमची पहिली नुसती चार्जिंगची निघाली आणि अर्धी दुपार पिकोला शिव्या देण्यात गेली.

बटणं सरळ पायच्याच पिनांना जोडता येत नाहीत का? येतात. पायवर वापरता येणाऱ्या २६ पिना आहेत, दोन खेळाडूंच्या २४ वायरी कागदावर बसतात, आणि तसं करणारे लोकही आहेत. मी करणार नाही. पायची पिन ३.३ व्होल्टच सोसते, आणि त्याच रांगेत शेजारी दोन पिना ५ व्होल्टच्या असतात. कपाटात वाकून, बॅटरीच्या उजेडात, घामेजल्या हातानं वायर खोचताना एक घर चुकलं तर पाय कायमचा बसतो. पिकोचंही तेच होईल, पण जळायचंच असेल तर चारशेचं जळू दे.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. ग्राउंडची काळी वायर प्रत्येक बटणाला वेगळी ओढू नका. तोरणासारखी एकच वायर या बटणावरून त्या बटणावर नेत शेवटी पिकोच्या ग्राउंडला लावा. दुसरी दांडीची. दांडी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट बाजूला जातं आणि 'खालचा' स्विच दबतो. आम्ही स्विचांवर दिशा लिहून मोठ्या शिस्तीत जोडलं, आणि पडद्यावरचा गडी वर म्हटलं की खाली, डावीकडं म्हटलं की उजवीकडं. भाचा म्हणाला, "बिघडलंय." बिघडलं काही नव्हतं. पिकोच्या सेटिंगमध्ये पिनांची अदलाबदल केली, वायर एकही उपटावी लागली नाही.

या दोघांतला फरक पुस्तकातून कळतो त्याहून आपल्याकडच्या विजेनं आणि उन्हानं जास्त कळतो.

लाईट गेली की पिकोला काही फरक पडत नाही. त्याचा प्रोग्रॅम आत कोरलेला आहे, चालताना तो काही लिहीत बसत नाही. लाईट आली की क्षणात हजर. पायचं तसं नाही. तो कार्डावर सारखं काहीतरी लिहीत असतो, आणि लिहिता लिहिता वीज तुटली तर कार्डावरची मांडणी बिघडू शकते. आमचं पहिलं कार्ड असंच गेलं. संध्याकाळी दोनदा लाईट झपकली आणि तिसऱ्यांदा पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं आली ती आलीच. तेव्हापासून पाय आणि पडदा इन्व्हर्टरवर आहेत. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर बदलीच्या त्या एका झोक्यातही पाय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. खेळ संपला की मेनूतून बंद करायचा, भिंतीवरचं बटण खटकन पाडायचं नाही, ही एक शिस्त. आणि तयार कार्डाची एक नक्कल डब्यात.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद प्लायच्या पेटीत, वरून पडद्याची ऊब, पाय लवकर तापतो. चिप ८० अंशांवर गेली की तो स्वतःच वेग कमी करतो, गेम अडखळतो, आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. चिपवर पंखा हवाच. शिवाय कपाटाच्या मागच्या फळीला खाली आणि वर भोकं. मिस्त्रींनी वरची भोकं इतकी झोकात पाडली की आईला वाटलं देवघर चाललंय. पिकोला यातलं काही लागत नाही, तो दुहेरी टेपनं फळीच्या पोटाला चिकटलेला आहे.

वीज पुरवण्यातही दोघांचं जुळत नाही. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लागतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर लावला तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, म्हणजे त्याचं पोट भरत नाही. पिको पायच्याच यूएसबीवर जगतो.

विकत घेताना आकारावर जाऊ नका, कारण पाय झीरो नावाचा एक भाऊ मधे आहे. दिसायला बारका, पण तो पूर्ण संगणक. आणि पिको डब्ल्यूमध्ये वायफाय आहे, म्हणून तो मोठा होत नाही. मी फोटोत दोनच गोष्टी शोधतो: मेमरी कार्डची फट आणि एचडीएमआयची खाच. दोन्ही असतील तर तो पाय. एकही नसेल तर पिको. सोल्डरिंग जमत नसेल तर पिना बसवून आलेला पिको एच घ्या. खेळाडू दोन असतील तर पिकोही दोन, पाय एकच.

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मामा, पाय बिघडला. उडी लागेना."

"गेम चालू आहे? आवाज येतोय?"

"येतोय की. मारतोय पण, उडीच मारंना."

"मग पायला कशाला नाव ठेवतोस? मागची फळी काढ."

फोन चालूच होता. स्क्रू फिरल्याचा आवाज, मग आईचा, "काय करलालास रे अंधारात?" आणि मग त्याचा, जरा दबका: उडीच्या बटणाची लग, म्हणजे वायरीच्या टोकाची पत्र्याची टोपी, निसटून लोंबत होती. पक्कडीनं किंचित दाबून परत बसव म्हटलं.