बेसिक गेलं, ऑफिस आलं : शाळेतल्या ‘आयटी’ची पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञानाच्या कोणत्याही शालेय पुस्तकाचा पहिला धडा उघडला की क्रम ठरलेला असतो. आधी संगणकाची वैशिष्ट्यं, म्हणजे वेग, अचूकता, न थकणं, स्वतःची बुद्धी नसणं. मग पिढ्या, मग भागांची चौकटीतली आकृती आणि शेवटी ‘दैनंदिन जीवनातील उपयोग’ : बँक, रेल्वे आरक्षण, रुग्णालय, हवामान अंदाज, शिक्षण, मनोरंजन. मुखपृष्ठं बदलली, यादी फारशी हलली नाही. हा साचा आला कुठून, हे पाहायचं तर ऐंशीच्या दशकात जावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात आटपता येतं. देशात संगणक पन्नासच्या दशकातच आला, पहिला कोलकात्यात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत देशी बनावटीचाही सुरू झाला. ही सगळी यंत्रं संशोधनसंस्थांची होती. शाळेतल्या मुलाने ती पाहिली असतील तर फोटोतच.

चित्र बदललं १९८४ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या धोरणाने संगणकांची आयात आणि उत्पादन सोपं केलं. त्याच शैक्षणिक वर्षात, १९८४-८५ मध्ये, केंद्राचा ‘क्लास’ हा शाळांत संगणक-साक्षरता आणण्याचा प्रकल्प सुमारे २५० शाळांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. शाळांना मिळाला तो ब्रिटिश बनावटीचा बीबीसी मायक्रो. आठ बिटी प्रोसेसर, ३२ केबी मेमरी, पडदा म्हणून टीव्हीसुद्धा चाले, आणि कीबोर्डच्या वरच्या बाजूला लालसर फंक्शन-कळांची एक रांग. अनेक शाळांत चपला बाहेर काढूनच संगणक कक्षात जायचं. खिडक्यांना पडदे, यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. त्या काळातल्या कुणालाही विचारा, धुळीची भीती आधी आठवेल, संगणक नंतर.

उपयोगांची यादी याच काळातली आहे आणि ती तेव्हा बरीचशी आश्वासनवजा होती. रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झालं. बँकांत तर संघटनांचा कडवा विरोध होता. बँका आणि संघटनांमधला १९८३ चा करार आणि संगणकीकरणावरचा १९८४ चा समिती-अहवाल यांतून वाट निघाली, तीही बेताबेतानेच. म्हणजे ‘बँकेत संगणक वापरतात’ असं पाठ करणाऱ्या बहुतेक मुलांच्या गावातल्या शाखेत जाडजूड लेजरंच होती. महासंगणक अमेरिकेकडून मिळवण्यासाठी वाटाघाटी चालल्या होत्या, आणि १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ तयार झाल्यावर त्याने धड्यात कायमची जागा पटकावली. ती अजून आहे.

आता मुख्य मुद्दा. बीबीसी मायक्रो चालू केला की पडद्यावर फाइल नाही, चित्र नाही, खिडकी नाही. यंत्राचं नाव, ‘बेसिक’ हा शब्द, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या एका सोप्या भाषेचं नाव, आणि त्याखाली आज्ञेची वाट पाहणारं एक टोकदार चिन्ह. यंत्राकडून काही करवून घ्यायचं तर त्याला सांगावंच लागे. पहिल्या तासाला मुलं दोन ओळी लिहीत : ओळ १० मध्ये ‘प्रिंट’ आणि अवतरणात स्वतःचं नाव, ओळ २० मध्ये ‘गोटू १०’, म्हणजे परत ओळ १० वर जा. मग ‘रन’. नाव पडदाभर धावत सुटायचं आणि एस्केप दाबेपर्यंत थांबायचं नाही. यंत्र सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करतं, ही ‘स्वतःची बुद्धी नसणं’ या वैशिष्ट्याची प्रचिती त्या दोन ओळींत येई. पुस्तकातल्या वाक्याने ती आजही येत नाही.

हेच बेसिक नव्वदच्या दशकात अभ्यासक्रमांतून मागे पडत गेलं. एखाद्या दिवशी फतवा निघाला आणि संपलं, असं झालं नाही. डॉस ही टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी प्रणाली आली, मग १९९५ नंतर विंडोज, आणि नवीन यंत्रांवर कुणी बेसिकच्या दारातून आत शिरेनासं झालं. त्या जागी ‘ऑफिस’ पॅकेजमधले वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आले. या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे दुबळे नव्हते. सगळी मुलं प्रोग्रामर होणार नाहीत, पण कार्यालयात सगळ्यांनाच संगणक हाताळावा लागेल. शिकवायला गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक, तेही थोडक्या प्रशिक्षणावर. त्यांना प्रोग्राममधली चूक शोधून देणं अवघड, पत्राला समास लावून दाखवणं सोपं. बेसिकबद्दल खुद्द संगणकशास्त्रातही कुरकुर होती. एका नामवंत डच संगणकशास्त्रज्ञाने तर १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आधी बेसिक शिकलेल्यांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य असतं. हे वाक्य पुढे सोयीने खूप वापरलं गेलं. त्याला बेसिकऐवजी अधिक शिस्तीचं प्रोग्रामिंग हवं होतं, स्लाइड-शो नव्हे, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

या बदलाची किंमत परीक्षेत दिसली. ‘माहिती तंत्रज्ञानाची ओळख’ म्हणजे एका विशिष्ट पॅकेजच्या मेनूंची ओळख झाली. अमुक आज्ञा कोणत्या मेनूत आहे? सेव्ह करण्याचा शॉर्टकट कोणता? एक्सेलच्या एका शीटमध्ये किती ओळी असतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं ६५,५३६ होतं. २००७ च्या आवृत्तीत ते १०,४८,५७६ झालं. त्याच आवृत्तीत वरचे मेनू जाऊन ‘रिबन’ ही बटणांची पट्टी आली आणि मुलांनी घोकलेले सगळे रस्ते एका झटक्यात बंद झाले. पुस्तकं आणि प्रश्नसंच जुन्याच आवृत्तीवर रेंगाळले. समोरच्या पडद्यावर एक, छापील उत्तरात दुसरंच, आणि गुण छापील उत्तराला. फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी हे उत्तर तर फ्लॉपी बाजारातून गेल्यानंतरही टिकून होतं. ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात, आणि ओळींची मर्यादा नेमकी तिथेच का होती, हे सांगितलं असतं तर तो प्रश्न कधीच शिळा झाला नसता. पण ते सांगायचं तर पुन्हा बिट आणि बाइटपाशी जावं लागतं, म्हणजे जे सोडून दिलं त्याच्याकडेच.

महाराष्ट्रात या वळणावर पक्कं शिक्कामोर्तब झालं ते २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएससीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाने. सरकारी नोकरीसाठी संगणक येत असल्याचा पुरावा लागू लागला आणि तालुक्याच्या गावात टायपिंगच्या क्लासशेजारी संगणकाचे क्लास उभे राहिले, कधी त्याच जागेत. लाखो लोकांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच. हे श्रेय कमी लेखण्याचं कारण नाही. पण शाळेच्या पुस्तकाने याच अभ्यासक्रमाशी नातं जोडलं आणि कारकुनी कामाचा क्रम हाच शिकण्याचा क्रम ठरला. अकरावी-बारावीच्या ऐच्छिक आयटी विषयात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट वगैरे वेबपानं बनवण्याच्या भाषांचं शिक्षण टिकलं हे खरं, पण तिथवर पोचणारी मुलं निवडक. केरळने वेगळी वाट धरली आणि शाळांतले संगणक विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेले. एकाच कंपनीचं पॅकेज म्हणजे संगणक, हे समीकरण तिथे तरी मोडलं. आपल्याकडे त्याची चर्चा झाली आणि चर्चेवरच थांबली.

मराठीचा प्रश्न याच काळात कडेला पडला. प्रत्येक फॉन्टची आपली वेगळी मांडणी. एका यंत्रावर टाइप केलेलं मराठी पत्र दुसऱ्यावर उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरांसाठी एकच संकेतप्रणाली, आल्यावर हे सुटलं, तरी ‘मराठीत टाइप करणं’ हा दैनंदिन उपयोग यादीत उशिराच शिरला.

नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शाळांसाठीची आयसीटी, म्हणजे माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान, योजना आली. राज्याने ती ‘बूट’ पद्धतीने राबवली, म्हणजे कंत्राटदाराने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची. पाच वर्षांनी शाळेकडे पाच वर्षं जुनी यंत्रं उरली आणि शिकवणारा कंत्राटी माणूस गेला. दरम्यान ‘दैनंदिन उपयोग’ धड्याच्या बाहेरच वाढत होते : २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार, २०१५ मध्ये डिजिलॉकर, २०१६ मध्ये यूपीआय, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. २०२० मध्ये शाळाच फोनवर आली. आता वर्गात येणाऱ्या मुलाला पैसे पाठवता येतात, पण आपण उतरवलेली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये गेली ते सांगता येत नाही. पुस्तक अजून उलट्या टोकाने सुरू होतं.

प्रोग्रामिंगही परतलं आहे. इंग्लंडने २०१४ मध्ये आयसीटी हा विषय काढून त्या जागी ‘कम्प्युटिंग’ आणला, कारण तक्रार हीच होती : मुलं कार्यालयीन पॅकेजेसच्या पुढे जात नाहीत. आपल्या २०२० च्या धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंग आलं. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) तर २०१९ मध्येच नववीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला होता. या वेळी भाषा पायथन किंवा ठोकळे जोडण्याची स्क्रॅच आहे. शिक्षक मात्र बहुतेक ठिकाणी तेच, मेनू शिकवण्यात वीस वर्षं गेलेले, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस अजूनही बोटांवर मोजण्याइतके.