कारखान्यातून रंगून आलेला बोर्ड की जागेवर दिलेला रंग?

सोलापुरात घरावर एखादी खोली चढवायची म्हटली की वजनाचा प्रश्न सर्वांत आधी येतो. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन गिलावा सोडूनही दर चौरस मीटरला ४०० किलोच्या वर जाते, तर ८ मिलिमीटर जाडीचा फायबर सिमेंटचा बोर्ड तेवढ्याच क्षेत्राला ११ किलोच्या आसपास भरतो. त्याच्या मागचा लोखंडी सांगाडा आणि आतल्या बाजूचा दुसरा बोर्ड धरला तरी विटांच्या भिंतीशी त्याची तुलना होत नाही. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळणाऱ्या काळ्या मातीवर ज्या घरांचे पाये उभे आहेत, त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. बोर्ड घ्यायचे ठरल्यावर मात्र दुसरा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा केवळ दराकडे पाहून दिले जाते: कारखान्यातून रंगून आलेला बोर्ड घ्यावा, की कोरा बोर्ड बसवून रंगाऱ्याकडून जागेवर रंग द्यावा?

उत्तराकडे जाण्याआधी बोर्डाची घडण पाहायला हवी. पोर्टलंड सिमेंट, बारीक दळलेली वाळू किंवा कोळशाची राख, लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोजचे तंतू आणि पाणी एवढाच त्याचा मसाला असतो. दक्षिण सोलापुरातील फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख असते, त्याच जातीची राख अशा बोर्डांत सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचा, पुरवठा करते. बोर्ड बनवण्याची मूळ रीत ऑस्ट्रियाच्या लुडविग हाटशेक यांची असून तिचे पेटंट १९०१ चे आहे. कागदाच्या गिरणीतल्यासारखे जाळीचे फिरते पिंप पातळ राबड्यातून मिलिमीटरहून कमी जाडीचा पापुद्रा उचलते, आणि असे पापुद्रे एकावर एक गुंडाळत हवी ती जाडी गाठली जाते. त्या काळी तंतू ॲस्बेस्टॉस या आरोग्याला घातक खनिजाचे असत. सेल्युलोजचा वापर गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात वाढला आणि ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. भारतात मात्र ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचे पत्रे अजूनही मिळतात, त्यामुळे बोर्ड ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचा उल्लेख त्यावर किंवा बिलावर आहे की नाही हे विकत घेतानाच पाहावे.

पापुद्र्यांची ही रचना लक्षात ठेवावी, कारण रंगाचा अर्धा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. बोर्डाची सपाट बाजू दाबून घट्ट झालेली असते. कापलेल्या कडेवर मात्र पापुद्र्यांच्या फटी आणि तंतूंची टोके उघडी पडतात आणि तेथून पाणी केशाकर्षणाने सहज आत शिरते. हे स्वतः पाहायचे असल्यास बोर्डाचा एक तुकडा उभा करून त्याची कापलेली कड ताटलीतल्या बोटभर पाण्यात ठेवावी: ओलीची गडद रेघ हळूहळू वर चढताना दिसते. थंड देशांत हे पाणी गोठून फुगते आणि पापुद्रे सुटतात, म्हणून तेथील माहितीपत्रकांत त्याची फार धास्ती असते. पाणी गोठेल अशी थंडी सोलापुरात पडत नाही. येथे त्रास होतो तो ओले होण्याचा आणि कडकडीत वाळण्याचा, कारण त्या फेऱ्यांत बोर्ड किंचित प्रसरण व आकुंचन पावतो आणि कडेजवळच्या रंगाची पकड सुटते.

दुसरा प्रश्न चुन्याचा. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना तयार होतो, त्यामुळे ताज्या बोर्डाचा सामू (पीएच) १२ ते १३ च्या घरात असतो, म्हणजे तो तीव्र अल्कधर्मी असतो. चांगल्या प्रतीचे बोर्ड सुमारे १८० अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत शिजवले जातात. तेथे हा चुना सिलिकाशी संयोग पावून टोबरमोराइट नावाचे स्थिर खनिज बनते, त्यामुळे अशा बोर्डात मोकळा चुना कमी उरतो आणि त्याची हालचालही कमी होते. नुसत्या हवेत पिकवलेल्या स्वस्त बोर्डात चुना अधिक राहतो. पाणी आत गेले की तो त्यात विरघळतो, पृष्ठभागावर येतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढरा खार म्हणून फुटतो. शिवाय तेलावर आधारित रंगाचा अल्कलीशी संपर्क आला की त्यातील तेलाचा अक्षरशः साबण होतो. म्हणूनच दारे-खिडक्यांसाठी आणलेला ऑइल पेंट उरला म्हणून तो बोर्डावर मारणे, ही काटकसर महागात पडते. बोर्डावर अल्कलीला दाद न देणारा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आणि त्यावर शुद्ध ॲक्रिलिकचा बाह्य रंग हाच योग्य मार्ग आहे, मग तो कारखान्यात लावलेला असो वा जागेवर.

थोडक्यात, दोन्हीकडचा रंग एकाच कुळातला असतो. फरक पडतो तो त्याचा थर कोणत्या परिस्थितीत बनतो यामुळे. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंगात बहुवारिकाचे (पॉलिमरचे) अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, साधारण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, दहाव्या भागाएवढे. पाणी उडू लागले की हे कण एकमेकांना चिकटतात, दाबले जातात आणि शेवटी त्यांतील रेणूंच्या साखळ्या एकमेकींत शिरून सलग पडदा तयार होतो. या शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो. तापलेल्या, कोरड्या बोर्डावर रंग लावला तर बोर्ड खालून पाणी ओढून घेतो आणि ऊन वरून उडवते. मग कण धडपणे मिसळण्याआधीच जागच्या जागी अडकतात. असा थर दिसायला वाळलेला असतो, पण सच्छिद्र आणि ठिसूळ राहतो. बहुतेक उत्पादक पृष्ठभागाचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आत असावे असे सांगतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतल्या हवेचेच तापमान ४० च्या पुढे जाते, आणि उन्हातली गडद भिंत ६० अंशांच्या आसपास पोहोचू शकते. म्हणजे ज्या महिन्यांत पाऊस नाही म्हणून बांधकामे भराभर उरकली जातात, तेच महिने रंगासाठी सर्वांत वाईट ठरतात.

कारखान्यात हा सगळा गोंधळ टळतो. बोर्ड कोरडा आणि धूळमुक्त असतो, त्याचे तापमान ठरलेले असते, प्रायमर आणि रंगाचे थर यंत्राने लावून प्रत्येक थर गरम हवेत किंवा अवरक्त दिव्यांखाली नियंत्रितपणे सुकवला जातो, आणि चांगले उत्पादक मागची बाजू व कडाही बंद करतात. जागेवर मागची बाजू रंगवायची असल्यास ती बसवण्याआधीच रंगवावी लागते, आणि तेवढा धीर कोणाला नसतो.

थराच्या जाडीचा हिशेब तर सरळ अंकगणिताचा आहे. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर, म्हणजे सुमारे १०८ चौरस फुटांवर पसरला की ओला थर १०० मायक्रॉनचा होतो. रंगातील घन भाग आकारमानाने ३५ ते ४० टक्के धरला तर वाळल्यावर ३५ ते ४० मायक्रॉन उरतात. दोन हात मारले की ७० ते ८०. आता त्याच लिटरमध्ये अर्धा लिटर पाणी ओतून तो १५ चौरस मीटरवर ओढला, तर प्रत्येक हाताला सुमारे २५ मायक्रॉनच उरतात आणि दोन हातांनीही ५० च्या आसपासच पोहोचता येते. भिंत पहिल्या दिवशी दोन्ही वेळा सारखीच देखणी दिसते. रंगारी चौरस फुटावर ठरवलेला असेल आणि डबा त्यानेच आणायचा असेल, तर पाणी का वाढते हे वेगळे सांगायला नको. माल आपण आणून द्यावा आणि मजुरी वेगळी ठरवावी, हे त्यावरचे साधे उत्तर आहे.

ऊन प्रत्येक भिंतीवर सारखे पडत नाही, हेही निवडीत धरावे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्या क्षणी उभ्या भिंतींना थेट ऊन जवळजवळ लागतच नाही. खरा मारा दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. दक्षिणेची भिंत उलट डिसेंबरात अधिक ऊन खाते, कारण तेव्हा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. अतिनील किरण रंगातील बंधक द्रव्य हळूहळू तोडतात आणि मग रंगद्रव्य सुटून बोटाला पांढरट भुकटी लागते. लाल, पिवळ्या झगमगीत छटांतील अनेक सेंद्रिय रंगद्रव्ये लवकर फिकी पडतात. लोहाच्या ऑक्साइडपासून बनणारे गेरू, पिवळी माती, तपकिरी, करडा असे रंग टिकून राहतात. कारखान्याच्या छटापत्रकात निवड कमी असते अशी तक्रार ऐकू येते, पण त्या मर्यादेमागे काही प्रमाणात हेच शहाणपण असते. पश्चिमेकडे फिकट रंग असावा, हे मात्र दोन्ही पर्यायांना लागू आहे. ८ मिलिमीटरचा बोर्ड उष्णता अडवत नाही, ते काम आतल्या उष्णतारोधकाचे असते.

एवढे सगळे कारखान्याच्या बाजूने असूनही सरसकट तोच पर्याय घ्यावा असे मला वाटत नाही, कारण बोर्ड बसवताना कापावा लागतो. खिडकीचे कोपरे, नळाचे भोक, वातानुकूलन यंत्राची नळी, जिन्यालगतची तिरकी कड, या प्रत्येक ठिकाणी कारखान्याचा थर संपतो आणि पापुद्रे उघडे पडतात. त्या कडा त्याच दिवशी प्रायमर आणि रंगाने बंद केल्या नाहीत, तर उरलेला सुंदर पृष्ठभाग पाण्याला अडवू शकत नाही. वाहतुकीत ओरखडे पडतात, आणि दुरुस्तीचा रंग मूळ छटेशी सुरुवातीला जुळला तरी दोन्ही थर वेगवेगळ्या वेगाने फिके पडतात. त्यामुळे स्क्रूच्या डोक्यावर ठिपका द्यायचा तो बारीक कुंचल्याने, डोक्यापुरताच द्यावा. रुपयाएवढा फासला तर काही उन्हाळ्यांनी भिंतीवर ठिपक्यांच्या ओळी उठून दिसतात.

कापण्याच्या धोक्याबद्दल येथे थांबून सांगणे आवश्यक आहे. मार्बल कटरने कोरडा बोर्ड कापताना उडणाऱ्या धुरळ्यात स्फटिक सिलिका असते, तिचे सर्वांत बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यातून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. अमेरिकेने २०१६ मध्ये कामगारांसाठी याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण रोखत नाही. पातळ बोर्डावर कठीण टोकाच्या सुरीने खाच पाडून तो मोडणे शक्य असते. नाहीतर धूळ ओढणारे यंत्र आणि योग्य प्रतीचा मुखवटा हवाच.

माझ्या मते निवड कापणीच्या प्रमाणावर करावी. सलग मोठ्या भिंती, मोजकी दारे-खिडक्या आणि आधी आखलेले मापन असेल, उदाहरणार्थ अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कार्यालयाची दर्शनी बाजू, तर कारखान्यात रंगवलेला बोर्ड निःसंशय सरस आहे. घरावरच्या एकट्या खोलीसाठी, जिथे प्रत्येक बोर्ड कुठे ना कुठे कापला जाणार आहे, मधला मार्ग घ्यावा: सर्व बाजूंनी कारखान्यात प्रायमर लावलेला बोर्ड आणावा, कापलेल्या कडा बसवण्याआधी प्रायमरने बंद कराव्यात आणि शेवटचे दोन हात जागेवर द्यावेत. सांध्यांत भिंतीची पुट्टी भरू नये. तीन मीटरचा बोर्ड ३० अंशांच्या चढउताराने सुमारे ०.९ मिलिमीटर हलतो आणि ओलीची हालचाल त्यात मिसळते. ताठ पुट्टी ती सहन करत नाही, तडकते. तेथे रंग धरणारे लवचीक ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरावे. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. गिलाव्यावर चालणारा व्हाइट सिमेंटचा हातही येथे नको, कारण बोर्ड त्यातील पाणी शोषून घेतो आणि सिमेंट पुरते धरण्याआधीच त्याची भुकटी होते.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावे. सोलापुरात पाऊस कमी असला तरी सप्टेंबरात तो चांगलाच पडतो, आणि भिजलेल्या बोर्डांना वाळायला ऑक्टोबर द्यावा लागतो. सकाळी दव उडाल्यावर पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची भिंत घ्यावी, म्हणजे रंगाऱ्यालाही सावली मिळते आणि रंगालाही. प्रायमर लावलेले बोर्ड तसेच सोडून पुढच्या हंगामाची वाट पाहणे मात्र योग्य नाही. प्रायमर उन्हात फार काळ टिकण्यासाठी बनवलेला नसतो आणि जेम्स हार्डी ही मोठी उत्पादक कंपनी अमेरिकेत अशा बोर्डांना १८० दिवसांच्या आत रंग देण्याची अट घालते. तीच कंपनी कारखान्यातील रंगाला १५ वर्षांची आणि बोर्डाला ३० वर्षांची हमी देते, म्हणजे रंग बोर्डाच्या आधी संपणार हे तिलाही मान्य आहे. त्यानंतर भुकटी धुऊन, सांधे तपासून, त्याच कारखानी थरावर ॲक्रिलिक रंग जागेवरच द्यावा लागतो.