पहाऱ्याला कायदा, तपासाला नाही

बारावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत जे पर्याय चर्चेला येतात, त्यांत हल्ली ‘सुरक्षा आणि तपास’ हाही एक असतो. गांधीनगरजवळ लवाडला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, गांधीनगरातच नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहे, शिवाय खासगी संस्थांचे पदवी-पदविका अभ्यासक्रम. माहितीपत्रकावर सुरक्षा आणि तपास ही जोडी एका दमात छापलेली असते. पण हे दोन धंदे वेगळ्या वाटांनी आले आहेत आणि कायद्यानेही त्यांना सारखे वागवलेले नाही. ते समजून घ्यायला आमच्या बडोद्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

पोलीस खाते नव्हते तेव्हाही पहारेकरी होतेच. महाराष्ट्रात गावाला जागल्या असे, रामोशी असत, गुजरातेत पगी. मातीत उमटलेला पाय ओळखून पगी चोराचा माग काढी. काठेवाडात माग ज्या गावाच्या शिवेवर पोचेल त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, नाही तर चोरीची भरपाई करायची, असा दंडक होता. पहारा आणि तपास दोन्ही एकाच माणसाकडे आणि जबाबदारी अख्ख्या गावाची. बनासकांठ्याचे रणछोड पगी यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारतीय लष्कराला याच विद्येच्या बळावर मदत केली. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. शाळेचा प्रश्नच नव्हता.

शहरात मामला वेगळा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यातल्या अरब सिबंदीची, म्हणजे पगारी फौजेची, ताकद इतकी वाढली की दरवाजे तिच्या ताब्यात आणि थकलेल्या पगारापोटी खुद्द राजे आनंदराव गायकवाड तिच्या पहाऱ्यात, अशी वेळ आली. हरि भक्तीसारख्या सावकारी पेढ्या राज्याला कर्ज देत आणि अरब जमादार त्या कर्जाला किंवा करारांना हमी राहत. यालाच बहांदरी म्हणत. हमी देणाऱ्याच्या हातात तलवार असल्यावर राज्य कुणाचे, हे सांगायला नको. १८०२ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचा बडोद्यातला प्रतिनिधी मेजर वॉकर याच्या वेळी कंपनीच्या फौजेने शहराला वेढा घालून अरबांना हटवले, त्यांची थकबाकी चुकती केली आणि बहांदऱ्या स्वतःकडे घेतल्या. अरब गेले, पण जू मानेवर राहिलेच, फक्त मालक बदलला. पगारी रक्षकाला लगाम कुणी घालायचा, या प्रश्नाचे इतके ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मला विचाराल तर सुरक्षा व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्रात, निदान गुजरातेत तरी, हे शिकवायला हवे.

तपासाचे उदाहरण याहून नाट्यमय आहे. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे दरबारातले प्रतिनिधी, कर्नल फेअर फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-चार घोट घेतले, चव बिघडल्यासारखी वाटली म्हणून उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तो तपासला, मग मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड, असा निष्कर्ष आला. संशय बडोद्याच्या गादीवरच्या मल्हारराव गायकवाड महाराजांवर गेला. मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन बडोद्यात दाखल झाले. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी माफीचा साक्षीदार झाला आणि घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी ‘सापडली’. ती काढणारे सूटर यांचेच सहकारी अकबर अली.

महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेले वकील बॅलंटाइन यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. पुडी इतके दिवस पट्ट्यात कशी राहिली, ती निघाली तेव्हा कोण हजर होते, आधीच्या झडतीत का दिसली नाही? खटल्यासाठी नेमलेला आयोग सहा जणांचा होता. तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले. जयपूरचे महाराज, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव या तिघांना तसे वाटले नाही. शेवटी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले, पण गैरकारभाराचे कारण देऊन. रसायनशाळेचे काम बऱ्यापैकी चोख होते. पुरावा हाताळणारे हात संशयास्पद ठरले आणि तिथेच खटला लटपटला. पंचनामा, सील, पुरावा कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंद, हे आज फॉरेन्सिकच्या वर्गात शिकवतात, त्याची गरज इथे रेसिडेन्सीच्या व्हरांड्यातच कळून चुकली होती.

त्याच वर्षी गादीवर आलेल्या सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. कारागिरीला वर्गात आणता येते, त्याला परीक्षा लावता येते, हा विचार त्यामागे होता. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेचे मूळ तिथे आहे. शरीरशिक्षणाची बाजू दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराने सांभाळली. प्रो. माणिकरावांच्या तालमीत मल्लखांब, लाठी, लेझीम आणि सांघिक कवायत यांना शिस्तशीर अभ्यासाचे रूप आले. पहारेकऱ्याची नोकरी मात्र तेव्हाही ओळखीवर आणि छातीच्या मापावर मिळायची.

खरा बदल कारखान्यांनी केला. १९६० च्या दशकात कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगरचा खत कारखाना, पुढे आयपीसीएल हा पेट्रोकेमिकल कारखाना आणि मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमधल्या आगीनंतर सरकारी उद्योगांच्या संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९६८ च्या कायद्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल (सीआयएसएफ) जन्माला आले. लहान कारखान्यांनी आपापला बंदोबस्त केला. त्यांच्या फाटकावर बहुतेक करून निवृत्त फौजी दिसत. फतेगंजला लष्कराचे ईएमई स्कूल, म्हणजे तांत्रिक प्रशिक्षण केंद्र, असल्याने इथे माजी सैनिकांना तोटा नव्हता. शिकवायचे काय, हा प्रश्न सैन्याने आधीच सोडवून ठेवला होता, म्हणून उद्योगाने तो बराच काळ विचारला नाही.

महाविद्यालयांकडे तपासाची विद्या दुसऱ्या दाराने आली. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला तो पोलिसांसाठी. विद्यापीठीय पातळीवर सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक विज्ञानाचा विभाग उघडला. पण हे सारे सरकारी प्रयोगशाळा आणि पोलीस खाते डोळ्यांसमोर ठेवून. २००९ च्या सुमारास गुजरात सरकारने रक्षा शक्ती विद्यापीठ आणि फॉरेन्सिक विद्यापीठ अशी दोन विद्यापीठे उभी केली. २०२० मध्ये संसदेच्या कायद्यांनी दोन्ही राष्ट्रीय झाली. रक्षा विद्यापीठात खासगी, औद्योगिक आणि कॉर्पोरेट सुरक्षेची स्वतंत्र शाखा आहे. फाटकावरच्या नोकरीचा विषय विद्यापीठाच्या दारात पोचला तो असा.

मधल्या काळात कायदा बदलला होता. महाराष्ट्राने १९८१ मध्येच खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा करून मंडळ नेमले, पण त्याचा भर पगार आणि कल्याणावर होता. प्रशिक्षणाची सक्ती आली ती केंद्राच्या २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायद्याने. २००६ च्या नमुना नियमांत किमान १६० तासांचे प्रशिक्षण ठरले: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष जागेवर, निदान वीस कामाच्या दिवसांत. माजी सैनिक-पोलिसांना यात सवलत. विषयांची यादी वाचण्यासारखी आहे. अग्निशमन, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, स्फोटक वस्तू ओळखणे, फिर्याद कशी नोंदवायची, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर, आणि पोलीस-लष्करातली पदचिन्हे ओळखणे. हे शेवटचे का, असे वाटेल. पण याच कायद्यात फौजेचा किंवा पोलिसांचा वाटेल असा गणवेश खासगी रक्षकाने घालणे गुन्हा ठरवले आहे. अरब जमादारांची आठवण कायदा लिहिणाऱ्यांना असण्याचे कारण नाही, तरी लगाम मात्र तोच. रक्षकाला अटकेचा अधिकारही सामान्य नागरिकाइतकाच: समोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर माणसाला धरता येते, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

आता दुसरी बाजू. २००५ च्या कायद्यात गुप्तहेर बसत नाहीत. त्यांच्यासाठी २००७ मध्ये राज्यसभेत वेगळे विधेयक मांडले गेले. परवाना, केंद्रात आणि राज्यांत नियामक मंडळे, सारे त्यात होते. ते वर्षानुवर्षे पडून राहिले आणि शेवटी मागे घेतले गेले. म्हणून लग्नापूर्वीची चौकशी, कर्मचाऱ्याची पार्श्वभूमी, बनावट मालाचा माग, विम्याच्या दाव्यांची शहानिशा ही कामे करणाऱ्याला ना १६० तास लागतात ना त्या धंद्याचा परवाना. त्याला अडवतात ते इतर कायदे. पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करणे २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क झाला, आणि २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाइल कॉलच्या नोंदी बेकायदा विकणारी साखळी पकडली तेव्हा काही खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली.

तरीही मागणी घटलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटल्यात जोडीदाराचे चोरून केलेले कॉल-रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकते असे म्हटल्यावर हा धंदा आणखी फोफावेल असा माझा अंदाज आहे. रेकॉर्डिंग न्यायालयात टिकवायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, मूळ उपकरण जपावे लागते, फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, नोंदवावा लागतो. फॉरेन्सिकचा चांगला विद्यार्थी हे शिकून बाहेर पडतो. ज्या गुप्तहेर एजन्सीत तो नोकरी धरेल, तिच्या मालकाला हे येत असलेच पाहिजे अशी अट आजघडीला कुठल्याही कायद्यात नाही.