पार्श्वभूमी : बंदुकांची यादी आणि अमेरिकेतली बंदूक लॉबी

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: बंदूक लॉबी खासदारांना पैसे पुरवते, म्हणून तिथे कायदे होत नाहीत. हे वाक्य निम्मं खरं आहे. (बंदूक लॉबी म्हणजे बंदुकांवरच्या निर्बंधांना विरोध करणाऱ्या संघटना; त्यांत सर्वांत मोठी नॅशनल रायफल असोसिएशन.) औषध कंपन्या वॉशिंग्टनमध्ये जेवढा पैसा ओततात, त्याच्यापुढे बंदूक लॉबीचा लॉबिंगवरचा खर्च किरकोळ ठरतो. आणि कायदे झालेलेही आहेत. 1934, 1968, 1986, 1993, 1994 आणि 2022 अशी वर्षं सांगता येतात. लॉबीचं वजन समजून घ्यायचं तर या कायद्यांमधून काय वगळलं गेलं ते पाहावं लागतं, आणि त्याहूनही जास्त, खर्चाच्या विधेयकांत कुठे कुठे पाचर मारून ठेवली आहे ते पाहावं लागतं. या सगळ्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द आडवा येतो: नोंदणी.

हा शब्द आधी सोडवून घेऊ, कारण मराठी वाचकाच्या डोक्यात ‘बंदुकीचा परवाना’ घट्ट बसलेला आहे. आपल्याकडे परवाना बंदूक बाळगणाऱ्याचा असतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात परवाना असतो तो दुकानदाराचा. गिऱ्हाईक दुकानात एक अर्ज भरतं, दुकानदार केंद्रीय यंत्रणेकडून त्या माणसाची गुन्ह्यांची वगैरे पार्श्वभूमी तपासून घेतो, होकार आला की बंदूक देतो. अर्ज राहतो दुकानदाराच्या कपाटात. म्हणजे तपासणी आहे, पण नोंदणी नाही. मशिनगनसारखी मोजकी हत्यारं सोडली, तर कोणाकडे कोणती बंदूक आहे याची यादी केंद्र सरकारकडे नाही, आणि ती करायला कायद्यानेच मनाई आहे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, हवाई अशा मोजक्या राज्यांनी आपापल्या पातळीवर काही नोंदी ठेवल्या आहेत, तो भाग वेगळा. एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांनी आपसात बंदूक विकली तर केंद्रीय कायद्यानुसार तपासणीही लागत नाही.

लॉबीचं म्हणणं असं, की नोंदणी ही जप्तीची पहिली पायरी आहे. यादी असेल तर उद्याचं सरकार ती घेऊन दारात उभं राहील. ही भीती केवळ पुढाऱ्यांनी पढवलेली नाही, सामान्य सभासद ती मनापासून बाळगतो. त्याच्याकडे उदाहरणंही आहेत. ऑस्ट्रेलियात 1996 च्या हत्याकांडानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या, आणि ब्रिटनने त्यानंतरच्या वर्षात खासगी पिस्तुलं जवळपास हद्दपार केली. दोन्ही ठिकाणी कायदा पाळणाऱ्यांनीच हत्यारं जमा केली, हे तो सांगतो आणि ते खरं आहे. त्या देशांत नंतर काय झालं, हे मात्र तो सहसा सांगत नाही.

सुरुवातीचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. या चळवळीची सर्वांत मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, 1871 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली. यादवी युद्धात आपल्या सैनिकांना नीट नेम धरता येत नव्हता, ही सल असलेल्या उत्तरेकडच्या अधिकाऱ्यांनी ती काढली. नेमबाजी, शिकार, सुरक्षित हाताळणी हे तिचं काम. 1934 मध्ये मशिनगनवर जबर कर बसला तेव्हा संघटनेने पूर्ण विरोध केला नाही; मूळ मसुद्यातली पिस्तुलं मात्र वगळली गेली. 1968 मध्ये दोन मोठ्या नेत्यांच्या हत्येनंतर टपालाने बंदूक विकणं बंद झालं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांना प्रत्येक बंदुकीची नोंद आणि प्रत्येक मालकाला परवाना हवा होता. दोन्ही गळालं. सही करतानाच त्यांनी बंदूक लॉबीवर जाहीरपणे ठपका ठेवला.

खरा सांधा बदलला तो सिनसिनाटीत, 21 मे 1977 च्या रात्री. संघटनेचं तेव्हाचं नेतृत्व राजकारणातून अंग काढून घेण्याच्या विचारात होतं. मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो स्प्रिंग्जला न्यायचं, शिकार आणि निसर्गरक्षणावर भर द्यायचा, असा बेत होता. वार्षिक सभेत कडव्या सभासदांच्या एका गटाने नियमावलीतल्याच तरतुदी वापरून एकेक ठराव आणला. सभा पहाटे चारच्या सुमाराला संपली तेव्हा जुन्या नेतृत्वाची उचलबांगडी झालेली होती आणि मुख्यालय वॉशिंग्टनमध्येच राहणार होतं. अमेरिकेतल्या बंदुकांच्या राजकारणावर लिहिणारे बहुतेक जण या रात्रीपाशी थांबतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला पुढचं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं.

1978 मध्ये बंदूकविषयक केंद्रीय खात्याने एक साधा नियम सुचवला. कारखानदार आणि दुकानदारांनी दर तीन महिन्यांनी अनुक्रमांकासह विक्रीचा हिशेब पाठवावा, म्हणजे गुन्ह्यात सापडलेली बंदूक लवकर हुडकता येईल. दुकानातल्या गिऱ्हाइकाचं नाव त्यात मागितलेलंच नव्हतं. तरी देशभरातून निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, काय करावं? नियम नाकारलाच, शिवाय त्याच्या अंमलबजावणीला जेवढा खर्च येणार होता तेवढे 42 लाख डॉलर खात्याच्या अंदाजपत्रकातून कापून टाकले. वर खर्चाच्या विधेयकात अट घातली, की असल्या नोंदी एकत्र करण्यासाठी पैसा वापरायचा नाही. ही अट पुढे वर्षानुवर्षं जशीच्या तशी उतरवली गेली. 1986 मध्ये तिला कायमच्या कायद्याचं रूप मिळालं: बंदुकांची, बंदूकमालकांची किंवा व्यवहारांची कोणतीही नोंदणी पद्धत सरकारने उभारू नये. त्याच कायद्याने दुकानाची नेहमीची तपासणी वर्षातून एकदाच करता येईल असंही ठरवलं.

याचा परिणाम बघायचा असेल तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी जावं. देशभरात गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकांचा माग काढणारं एकमेव केंद्र तिथे आहे. एखाद्या पोलीस ठाण्याने अनुक्रमांक कळवला की इथला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, व्यापारी दुकानाचं, आणि दुकानदार कपाटातला अर्ज शोधतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याची सगळी कागदपत्रं या केंद्रात येतात. खोक्यांच्या खोकी. इमारतीत जागा पुरेना, जमिनीला भार सोसेना, तेव्हा ती आवारात मालवाहू कंटेनरमध्ये ठेवावी लागली. कागद स्कॅन होतात, पण चित्र म्हणून. मालकाच्या नावाने शोध घेता येईल अशा रूपात ते साठवायला मनाई आहे. वर्षाला लाखो बंदुकांचा माग असा पान उलटून काढला जातो. खून झालेला असतो, घरचे वाट पाहत असतात, आणि माणूस कागद चाळत बसलेला असतो. हे कुणाच्या आळसामुळे घडत नाही, ही पद्धत ठरवून अशी ठेवलेली आहे.

मागाच्या माहितीतून जे दिसत होतं, तेही लॉबीला खुपलं. 2000 साली केंद्रीय खात्याच्याच अहवालातून कळलं, की माग काढलेल्या बंदुकांपैकी 57 टक्के बंदुका सव्वा टक्क्याहूनही कमी दुकानांतून गेलेल्या होत्या. त्याच सुमारास शिकागो, न्यू ऑर्लीन्ससारखी शहरं बंदूक कंपन्यांवर नुकसानभरपाईचे दावे लावत होती, आणि ही माहिती त्यांच्या कामाची होती. 2003 पासून खर्चाच्या विधेयकांत नवी कलमं आली. मागाची माहिती लोकांना द्यायची नाही. दिवाणी दाव्यात वापरू द्यायची नाही. दुकानदाराला साठ्याची मोजदाद सक्तीची करायची नाही. आणि तपासणीत पास झालेल्या गिऱ्हाइकाची नोंद 24 तासांत पुसून टाकायची. 2005 मध्ये कंपन्यांवरच्या अशा दाव्यांचा दरवाजाच कायद्याने बहुतांशी लावून घेतला गेला.

बंदुकांची यादी नाही, मग निदान मृत्यूंचा अभ्यास? 1993 मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध आला, की घरात बंदूक असेल तर त्या घरात कुणाचा तरी खून होण्याची शक्यता सुमारे 2.7 पट दिसते. या अभ्यासाला सरकारी आरोग्य खात्याचा पैसा होता. तीन वर्षांनी, 1996 मध्ये, आर्कान्सामधल्या एका खासदाराने खर्चाच्या विधेयकात एक वाक्य घातलं: इजा टाळण्यासाठीचा निधी बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरू नये. सोबत बंदूक संशोधनावर आदल्या वर्षी खर्च झालेले 26 लाख डॉलर दुसऱ्या विषयाकडे वळवले.

ते वाक्य नीट वाचा. संशोधनाला बंदी त्यात कुठेच नाही. पण पुरस्कार कुठे सुरू होतो हे कोण ठरवणार? आकडे एका बाजूला झुकले तर तो प्रचार धरायचा का? एकदा अंदाजपत्रकाला चटका बसलेलं खातं ताकही फुंकून प्यायला लागलं. तरुण संशोधकांना वरिष्ठांनी सांगितलं, दुसरा विषय घे. वीस वर्षांहून अधिक काळ असंच चाललं. ज्या खासदाराच्या नावाने ते वाक्य ओळखलं जातं, त्यालाच पुढे पश्चात्ताप झाला. 2012 मध्ये त्याने आपल्या जुन्या विरोधकाबरोबर, म्हणजे त्या वेळी संशोधन चालवणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर, संशोधनाच्या बाजूने जाहीर लेख लिहिला. 2018 मध्ये काँग्रेसने खुलासा केला की अभ्यास करायला हरकत नाही, आणि 2019 च्या अखेरीस अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, 1 ते 19 वयोगटातल्या अमेरिकी मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक ठरलं.

खासदार इतके घाबरतात ते का? याचं उत्तर 1994 मध्ये आहे. काही प्रकारच्या रायफलींवर दहा वर्षांची बंदी घालणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात 216 विरुद्ध 214 मतांनी तरलं. नोव्हेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाने 54 जागा आणि चाळीस वर्षांचं बहुमत गमावलं; सभापतीसुद्धा पडले. या पराभवाला इतर कारणंही होती, पण खुद्द राष्ट्राध्यक्षांनी श्रेय लॉबीला दिलं आणि ते पक्षाच्या मनात बसलं. लॉबी प्रत्येक उमेदवाराला शाळेसारखी श्रेणी देते, ती निवडणुकीआधी सभासदांच्या घरी पोचते, आणि सभासद तेवढ्या एका गोष्टीवर मत देतो. नियंत्रण हवं म्हणणारे संख्येने जास्त असले तरी त्यांचं मत दहा प्रश्नांत विभागलेलं असतं.

डिसेंबर 2012 मध्ये कनेटिकटमधल्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी सिनेटमध्ये तपासणीचा विस्तार करणारं विधेयक आलं. बंदुकांच्या प्रदर्शनांतल्या विक्रीला तपासणी असावी असं लॉबीच्याच प्रमुखांनी 1999 मध्ये संसदेसमोर सांगितलेलं होतं. आता लॉबी म्हणाली, यातून नोंदणी होईल. विधेयकात तर उलट कलम होतं: या माहितीतून कुणी नोंदणी तयार केली तर 15 वर्षांपर्यंत कैद. 54 मतं बाजूने पडली, लागणार होती 60. मतदान झालं तेव्हा काही मुलांचे आईवडील प्रेक्षक सज्जात बसलेले होते.

त्यानंतरची वर्षं संघटनेला वाईट गेली. न्यूयॉर्क राज्याने 2020 मध्ये गैरकारभाराचा दावा लावला, 2021 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज फेटाळला गेला, 2024 मध्ये ज्युरीने माजी प्रमुखाला लाखो डॉलर परत करायला सांगितलं. 2022 मध्ये टेक्सासमधल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय कायदाही झाला. पण नोंदीची भीती संघटनेपेक्षा जास्त टिकाऊ निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्या संस्थेने बंदुकीच्या दुकानांना क्रेडिट कार्ड व्यवहारांसाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मंजूर केला. किराणा दुकानाला, सलूनला असतो तसाच. काय विकत घेतलं ते त्यातून कळत नाही, फक्त दुकान कसलं ते कळतं. मार्च 2023 मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी अंमलबजावणी थांबवली. आज कॅलिफोर्नियात हा क्रमांक लावणं सक्तीचं आहे, आणि फ्लोरिडात लावला तर दर उल्लंघनामागे 10,000 डॉलरपर्यंत दंड आहे.