प्रशासकीय मान्यता आणि तरतूद: ‘मंजूर’ या एका शब्दाखाली नांदणाऱ्या दोन गोष्टी

नाशिकच्या कोणत्याही प्रभागात फेरफटका मारला, तर ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून रस्त्यासाठी अमुक कोटी रुपये मंजूर’ असा एखादा फलक हमखास दिसतो. फलकावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग असते, खाली ज्या रस्त्यासाठी हे कोटी आले म्हणायचे त्याच रस्त्यावरचा खड्डा असतो, आणि दोन पावसाळे उलटूनही तो खड्डा तसाच राहिला की ‘मंजूर पैसे कोणी खाल्ले?’ ही चर्चा चहाच्या टपरीवर सुरू होते. पैसे खाल्ले जातच नाहीत असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. परंतु बहुतेक वेळा खाण्यासाठी पैसे मुळात आलेलेच नसतात, कारण फलकावरील ‘मंजूर’ या शब्दाचा अर्थ प्रशासकीय मान्यता एवढाच असतो आणि वाचणारा तो तरतूद असा लावतो. हा घोळ नागरिकांनी केला तर समजू शकते. बातमीदार आणि निवडून आलेले प्रतिनिधीही तो वर्षानुवर्षे करत आहेत, हे मात्र आता असह्य झाले आहे.

तरतुदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात मांडला जातो, खातेनिहाय मागण्या मंजूर होतात, विनियोजन विधेयक संमत होते आणि अमुक लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या अमुक खात्यावर, या वर्षी अमुक रक्कम खर्च करता येईल, हे ठरते. महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात आणि तेथून ते महासभेकडे जाते. मध्येच कमी पडले तर राज्यात पुरवणी मागण्या येतात.

प्रशासकीय मान्यता, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बोळांत जिला नुसते ‘प्रमा’ म्हणतात ती, ही वेगळी वस्तू आहे. हे काम करणे आवश्यक आहे, ते करण्यास आमची हरकत नाही आणि त्याचा अंदाजित खर्च एवढा आहे, असे सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी सांगणे म्हणजे प्रशासकीय मान्यता. ती राज्य शासनाच्या कामाला शासन निर्णयाने मिळते आणि महापालिकेच्या कामाला महासभेच्या ठरावाने. त्यानंतर अभियंत्यांची तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, असा क्रम चालतो. मान्यतेत एक रक्कम लिहिलेली असते आणि सारा गोंधळ त्या रकमेनेच केलेला आहे. ती रक्कम कामाची किंमत असते. ती तिजोरीतून बाहेर पडलेली नसते आणि पडेलच असे वचनही त्यात नसते.

खरा फरक एका ओळीत सांगता येतो: मान्यता कामाला असते, तरतूद वर्षाला असते. ही ओळ वाचून लोक मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तीच चूक करतात, म्हणून तिचे परिणाम सविस्तर पाहू.

समजा, एका रस्त्याला दहा कोटींची प्रशासकीय मान्यता मिळाली. ही मान्यता ३१ मार्चला संपत नाही. वर्ष बदलले तरी ती कागदावर जिवंत राहते. तरतूद मात्र १ एप्रिलला जन्मते आणि न वापरल्यास ३१ मार्चच्या रात्री व्यपगत होते, म्हणजे संपते. त्यामुळे त्या रस्त्यासाठी पहिल्या वर्षी निव्वळ एक हजार रुपयांची टोकन तरतूद असू शकते, दुसऱ्या वर्षी एक कोटीची असू शकते आणि तिसऱ्या वर्षी काहीच नसू शकते, आणि या तिन्ही वर्षांत ‘दहा कोटी मंजूर’ हे वाक्य अक्षरशः खरेच असते. टोकन तरतुदीचा उद्देश लेखाशीर्षात त्या कामाचे नाव लागावे एवढाच असतो. पाहुण्यांच्या पंगतीत जागा धरण्यासाठी रुमाल टाकून ठेवावा, तसा तो प्रकार आहे. रुमालाला कोणी वाढत नाही.

आता एका कामाच्या जागी शेकडो कामे कल्पावीत. प्रत्येक मान्यतेबरोबर भविष्यातील देण्याचे ओझे तयार होते. यालाच कार्यालयीन भाषेत दायित्व म्हणतात आणि महापालिकेच्या वर्तुळात ‘स्पिल ओव्हर’. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक कितीही फुगलेले दिसले, तरी त्यातील मोठा भाग मागील वर्षांच्या मान्यतांची बिले भागवण्यात जातो. म्हणून महापालिकेतील लेखापाल ‘हेडला (म्हणजे लेखाशीर्षाला) पैसे नाहीत’ असे सांगतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्या हेडवर आधीच रांग लागलेली असते.

ही रांग लागते कशी, हे जिल्हा नियोजन समितीच्या कामकाजात स्वच्छ दिसते. तेथे वर्षाच्या मंजूर नियतव्ययातून, म्हणजे जिल्ह्याला त्या वर्षासाठी ठरवून दिलेल्या रकमेतून, जुने दायित्व वजा केले जाते आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांचे नियोजन करण्याची पद्धत आहे. काही कामे रखडतील, काही रद्द होतील आणि निधी पडून राहू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि त्याचा सरळ अर्थ असा की शंभर रुपयांच्या भरवशावर दीडशे रुपयांच्या कामांना मान्यता दिली जाते. वरचे पन्नास रुपये पुढील वर्षाच्या माथी जातात, पुढील वर्षीही हेच घडते, आणि निफाडपासून सुरगाण्यापर्यंत सरपंच ‘आमचा रस्ता मंजूर आहे, मग सुरू का होत नाही?’ असे विचारत तालुक्याच्या चकरा मारत राहतात. या समितीच्या आढावा तक्त्यात ‘मंजूर नियतव्यय’, ‘प्राप्त निधी’, ‘वितरित निधी’ आणि ‘खर्च’ असे चार वेगळे रकाने असतात. बातमीत मात्र पहिलाच रकाना छापून येतो, कारण तो सर्वांत मोठा असतो.

गंमत अशी की हेच वाचक घरकुलाच्या बाबतीत कधी फसत नाहीत. घरकुल मंजूर झाले म्हणून दिंडोरीतील कोणताही शेतकरी त्याच दिवशी विटांची ऑर्डर देत नाही; पहिला हप्ता खात्यावर पडला का, हे तो आधी पाहतो. स्वतःच्या भिंतीसाठी जी सावधगिरी अंगवळणी पडलेली आहे, ती गावाच्या रस्त्यासाठी वापरायला काय हरकत आहे?

येथे एक पोटफरक सांगितला पाहिजे. तरतूद झाली म्हणजेही निधी हातात आला असे नाही. वित्त विभाग बीम्स या संगणकीय प्रणालीवर जेवढा निधी वितरित करतो, तेवढाच खर्च करता येतो. ४ मे २०२० रोजी, कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, राज्य शासनाने निर्णय काढून त्या वर्षीच्या विकासकामांच्या तरतुदीपैकी फक्त ३३ टक्के निधी उपलब्ध होईल असे जाहीर केले आणि नवीन कामे हाती घेण्यास मनाई केली. विधिमंडळाने मंजूर केलेला अर्थसंकल्प जागच्या जागी राहिला आणि पैसे एक तृतीयांशावर आले. संकटाच्या वर्षी ते अपरिहार्य होते, याबद्दल माझी तक्रार नाही; पण तरतूद ही खर्चाची कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे.

आतापर्यंत मान्यता आहे आणि पैसे नाहीत, असे चित्र पाहिले. पैशांचा आकडा जाहीर झाला आणि अंतिम मान्यता नाही, अशा उलट चित्राचे उदाहरण शोधायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये मेट्रो निओला मान्यता दिली. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन उन्नत मार्ग आणि त्यांवर रबरी चाकांच्या विजेवरील गाड्या, अशी ती कल्पना होती. पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पीय भाषणात नाशिक मेट्रोचा उल्लेख केला आणि २,०९२ कोटी हा आकडा उच्चारला. त्या संध्याकाळी शहरात ‘नाशिकला २,०९२ कोटी मिळाले’ अशी हवा झाली. प्रत्यक्षात भाषणातील वाक्य एवढेच सांगत होते की २,०९२ कोटी खर्चाच्या या प्रकल्पात केंद्र आपला वाटा देईल. म्हणजे आकडा पुन्हा कामाच्या किमतीचा होता, केंद्राच्या वाट्याचा नव्हता आणि त्या वर्षीच्या तरतुदीचा तर नव्हताच. शिवाय अशा प्रकल्पाला केंद्राच्या पातळीवर लागणारी अंतिम मान्यता वेगळी असते. अर्थमंत्र्यांच्या भाषणातील उल्लेख तिची जागा घेऊ शकत नाही. राज्याची मान्यता होती, दिल्लीच्या भाषणात नाव होते, आणि तरीही गंगापूरहून नाशिकरोडला निओची एकही गाडी धावलेली नाही. ज्यांनी त्या मार्गालगतचे फ्लॅट ‘मेट्रो टच’ म्हणून विकले, त्यांचे मात्र भले झाले असावे.

हा फरक महापालिकेत कोणी कधी ओळखलाच नाही, असेही नाही. २०१८ मध्ये आयुक्त असलेले तुकाराम मुंढे यांनी कामे निवडण्यासाठी गरज, तांत्रिक व्यवहार्यता आणि निधीची उपलब्धता अशी त्रिसूत्री लावली होती. त्यांच्या कार्यशैलीवर पुष्कळ वाद झाले आणि त्यांतले काही योग्यही होते. परंतु त्रिसूत्रीतील तिसरे सूत्र म्हणजे दुसरेतिसरे काही नसून, तरतुदीकडे पाहूनच मान्यता द्यावी, हा साधा नियम होता. मला तो आजही पटतो. नगरसेवकांना तो जाचला, कारण मान्यतेचा फलक लावता येतो. ‘निधी नाही म्हणून काम घेतले नाही’ असा फलक कोणी लावत नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर महासभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे गेले, आणि मान्यता कोठे संपते व खर्चाला संमती कोठे सुरू होते, हे बाहेरून ओळखणे आणखी अवघड झाले. एकाच टेबलावर दोन्ही सह्या होऊ लागल्या तरी त्या दोनच सह्या होत्या.

रस्ते सुरक्षेच्या बाबतीत या घोळाची किंमत पैशांत मोजता येत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील मिरची चौकात खासगी बसने पेट घेतला आणि त्यात बारा जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर उड्डाणपूल हवा, भुयारी मार्ग हवा, अशा मागण्यांना जोर चढतो. त्या चुकीच्या नाहीत. पण उड्डाणपुलाला मान्यता मिळणे, मग भूसंपादन, मग दरवर्षीची तरतूद, यांत वर्षे निघून जातात आणि मधल्या काळात दरसूची, म्हणजे बांधकामाचे सरकारी दर, वाढली की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घेण्याची पाळी येते. याउलट गतिरोधक, थर्मोप्लास्टिकचे पांढरे पट्टे, रात्री चमकणारे कॅट्स आय, सूचनाफलक, बंद पथदिवे आणि चौकातील दृष्टी अडवणारी अतिक्रमणे ही कामे देखभाल दुरुस्तीच्या वार्षिक तरतुदीतून होण्याजोगी असतात. त्यांना मोठ्या मान्यतेची प्रतीक्षा नसते, अंदाजपत्रकातील त्या कंटाळवाण्या ओळीत पुरेशी रक्कम असावी लागते. माझे मत विचाराल तर एका चौकासाठी शंभर कोटींची मान्यता मिळवणाऱ्या प्रतिनिधीपेक्षा देखभालीच्या हेडमध्ये पाच कोटी वाढवून घेणारा प्रतिनिधी मला अधिक उपयोगाचा वाटतो. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येणार नाही, हे खरे.

सिटीलिंकचेही तसेच आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या बससेवेत ठेकेदारांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे द्यावे लागतात आणि तिकिटांतून न भरणारी तूट महापालिकेला सोसावी लागते. सेवेला एकदा मान्यता दिली म्हणून ती आपोआप चालत नाही. तुटीची तरतूद दरवर्षी नव्याने करावी लागते. बसची मागणी करणाऱ्यांनी मार्च महिन्यात अंदाजपत्रकाकडे लक्ष द्यावे, उद्घाटनाकडे नव्हे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. मान्यतेवर संबंधित विभागाची सही असते आणि निधीवर वित्त विभागाची नजर असते. ‘अंदाजपत्रक’ हा महापालिकेचा शब्द आणि ‘अर्थसंकल्प’ हा राज्याचा, यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ‘आराखडा’ ही मात्र मान्यता आणि तरतूद या दोन्हींच्या आधीची पायरी आहे, हे ध्यानात ठेवावे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे जे हजारो कोटींचे आराखडे चर्चेत आले, त्यांतील आकडे मागणीचे होते. आराखड्यातील कामाला मान्यता मिळावी लागते, मान्यता मिळालेल्या कामाला तरतूद, आणि तरतुदीतून वितरण. साधुग्रामचा (साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीचा) वा परिक्रमा मार्गाचा आकडा वाचताना तो या चारांपैकी कोणत्या पायरीवरचा आहे, एवढे विचारले तरी निम्मे वाद मिटतील.

आणि हे विचारण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्जही प्रत्येक वेळी करावा लागत नाही. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मिळतो. तो उघडल्यावर पहिल्या पानावरील रकमेकडे पाहू नये, शेवटाकडील परिच्छेद वाचावेत. तेथे ‘सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, मुख्य लेखाशीर्ष अमुक याखालील उपलब्ध तरतुदीतून भागविण्यात यावा’ अशा अर्थाचे वाक्य असते. रस्ते व पुलांच्या भांडवली कामासाठी तेथे बहुधा ५०५४ हा आकडा दिसेल. लेखाशीर्ष दिलेले असेल, तर चालू वर्षी त्याखाली या कामासाठी किती रक्कम ठेवली आहे आणि त्यातील किती वितरित झाली, हे दोनच प्रश्न आपल्या आमदाराला किंवा नगरसेवकाला विचारावेत. त्या जागी ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे दोन शब्द आढळले, तर फलकासमोरचा खड्डा पुढच्या पावसाळ्यातही चुकवावा लागेल असे धरून गाडी चालवावी.