ब्लीचचे अनुमापन

घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट नेमके किती आहे, हे सोडियम थायोसल्फेटच्या मदतीने मोजण्याची रीत. बोलताना सगळे टायट्रेशनच म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेतात, तेव्हा प्रयोगवही इंग्रजीत लिहावी लागते. कृती पाठ होते, पण तिच्यामागचे कारण निसटते. या नोंदीत म्हणूनच कारणांना जास्त जागा दिली आहे.

हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने विघटते. अथणीकडच्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या बाटलीत लेबलावरचे ४ टक्के उरले असतीलच असे नाही. ते मोजूनच कळते.

ब्लीचमध्ये पोटॅशियम आयोडाइड आणि आम्ल घातले की हायपोक्लोराइटच्या एका रेणूमागे आयोडीनचा एक रेणू सुटतो आणि तो थायोसल्फेटचे दोन रेणू खर्च करतो. त्यामुळे ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे ३.७२ मिलिग्रॅम सोडियम हायपोक्लोराइट.

खरे नियोजन विरलीकरणाचे. ४ टक्क्यांचे ब्लीच १० मिली तसेच घेतले तर १०७ मिली थायोसल्फेट लागेल, म्हणजे ५० मिलीची ब्युरेट (मापखुणांची, तोटी असलेली काचेची नळी) दोनदा पुन्हा भरावी लागेल. उलट नमुना फारच कमी घेऊन वाचन २ मिलीवर आले, तर ०.०५ मिलीची चूकही अडीच टक्क्यांची होते. म्हणून १० मिली ब्लीच पाणी घालून १०० मिली करावे आणि त्यातले २० मिली शंकुपात्रात घ्यावे. वाचन २१.५ मिलीच्या आसपास येते आणि तीच चूक पाव टक्क्याच्या घरात राहते. हा हिशेब ब्युरेट भरण्याआधी कागदावर झालाच पाहिजे.

क्रमही चुकवू नये. आधी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, मग आम्ल. ब्लीचवर थेट आम्ल ओतले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. मोजायचा पदार्थ तर जातोच, शिवाय घसा आणि डोळे जळतात. पात्र मिसळून ठेवून दुसऱ्या कामाला लागू नये, कारण आयोडीन हळूहळू उडून जाते.

गडद तांबूस द्रावण थायोसल्फेटने फिके होत वाळलेल्या कडब्याच्या रंगावर आले की मगच स्टार्च घालावे. आधी घातले तर आयोडीन स्टार्चला घट्ट धरून बसते आणि अंत्यबिंदू, म्हणजे प्रक्रिया पूर्ण झाल्याची खूण, लांबतो. आता द्रावण निळे होईल. पुढे एकेक थेंब, पात्र हलवत. शेवटच्या थेंबाला निळा रंग एकदम जातो. तेच वाचन. तीन वाचने ०.१ मिलीच्या आत जुळेपर्यंत प्रयोग थांबवू नये.

विहिरीत टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीलाही हीच रीत चालते. २०१९च्या पुरानंतर कृष्णा आणि घटप्रभेकाठच्या गावांना अशा शुद्धीकरणाचे मोल वेगळे सांगायला नको. फक्त पावडर पाण्यात खलून, गढूळ द्रावण नीट ढवळूनच पिपेटमध्ये घ्यावे. आम्ल मात्र दोन्हीकडे अॅसेटिकच बरे. जुन्या ब्लीचमध्ये क्लोरेट तयार झालेले असते. तीव्र आम्लात तेही आयोडीन सोडते आणि उत्तर खोटेच चढते.